विंग मिटली तेव्हा माझे हात काय करत होते

त्या दुपारी पॅराग्लायडिंग करताना डोंगराच्या उतारापासून मी जेमतेम ८० मीटर वर होते. थर्मल, म्हणजे गरम हवेचे वर चढणारे झोत, जोरात सुटले होते, चढ-उतार सांगणारा व्हेरिओ एकसारखा वाजत होता, आणि मधेच तो गप्प झाला. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी चुकावी तशी मी बसले होते त्या हार्नेसची उजवी बाजू एकदम खाली गेली. वर पाहिलं तर डोक्यावरच्या कापडी विंगचा उजवा अर्धा भाग मिटून ओल्या कपड्यासारखा लोंबत होता. पुढच्या तीन-चार सेकंदांत काय घडलं ते त्या वेळी मला कळलंच नाही. विंग आधी उजवीकडे, उताराच्या दिशेनं वळली, मग झटक्यात उलटी डावीकडे फिरली, मी तिच्याखाली हेलकावे खात राहिले आणि झुडपांत जाऊन आदळले. घोटा मुरगळला, कमरेवर तळहाताएवढा काळानिळा डाग उमटला. जिवावरचं तेवढ्यावर निभावलं.

विंग अशी मिटते त्याला कोलॅप्स म्हणतात. विंगनं दगा दिला, हे माझ्या मनानं घेतलं होतं. टेकऑफवरून सगळं पाहणाऱ्या एका जुन्या पायलटनं संध्याकाळी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "कोलॅप्स उजव्या बाजूला झाला आणि तू फिरलीस डावीकडे. असं का झालं, जरा विचार कर." रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे कधीतरी उत्तर सापडलं आणि ते पचवायला जड गेलं. डावा ब्रेक, म्हणजे विंगची मागची कड खाली खेचणारी हातातली दोरी, मी पार सीटपर्यंत ओढला होता. मिटलेल्या बाजूकडे विंग वळते, तिला रोखायला दुसऱ्या बाजूचा ब्रेक द्यायचा, एवढं मी शिकले होते. किती द्यायचा, हे हाताला ठाऊक नव्हतं. अर्धी विंग मिटली की सगळं वजन उरलेल्या अर्ध्या भागावर येतं, आणि जास्त वजन पेलणारी विंग नेहमीपेक्षा लवकर स्टॉल होते, म्हणजे उडायचं थांबते. एरवी चालून जाणारा ब्रेक अशा वेळी फार होतो. उडत असलेला तो अर्धा भाग मीच स्टॉल केला होता. विंग डावीकडे फिरली ती त्यामुळे.

घोटा बरा व्हायला दीड महिना लागला. त्यानंतर पहिलं काम केलं ते एसआयव्ही कोर्सला नाव नोंदवायचं. ही फ्रेंच शब्दांची आद्याक्षरं आहेत आणि त्यांचा अर्थ साधारण ‘उड्डाणातल्या प्रसंगांची नक्कल’ असा होतो. हवेत जे जे बिघडू शकतं ते मुद्दाम बिघडवायचं आणि सावरायचं. खाली पाणी, पाण्यात मोटरबोट, बोटीवर इन्स्ट्रक्टर, हेल्मेटमध्ये रेडिओ, अंगावर लाइफ जॅकेट. आमचं टेकऑफ तलावाच्या पाण्यापासून सुमारे १,००० मीटर उंच होतं. तलावाच्या मध्यावर पोचेपर्यंत त्यातले दोन-अडीचशे मीटर खर्च व्हायचे. उरलेल्या उंचीत चार-पाच प्रकार बसवायचे आणि काठावरच्या मोकळ्या पट्टीवर उतरायचं. दिवसाला तीन उड्डाणं, असे चार दिवस.

पहिल्या सकाळी मात्र कोणी उडालं नाही. छताच्या आडव्या लोखंडी बारला हार्नेस टांगले होते. त्यात बसायचं, डोळे मिटायचे, सर कुठल्याही क्षणी "रिझर्व्ह" म्हणणार, आणि हँडल शोधून रिझर्व्ह, म्हणजे आणीबाणीचं पॅराशूट, फेकायचा. सोपं वाटलं. पहिल्या वेळी माझा हात हार्नेसच्या रिकाम्या कापडावर फिरत राहिला. दुसऱ्या वेळी हँडल हाताला लागलं, पण मी ते वर ओढलं. माझ्या हार्नेसमध्ये पिना बाहेरच्या, बाजूच्या दिशेला सुटतात, वर ओढून त्या घट्ट बसतात. तिसऱ्या वेळी सरांनी हार्नेस गरगर फिरवला. चौथ्या वेळी मला पद्धत सापडली. मांडीवरून हात बाहेर सरकवायचा, कमरेच्या पट्ट्याची कड बोटांना लागली की तिच्या मागेच हँडल असतं. तेव्हापासून प्रत्येक टेकऑफआधी आणि हवेत शांत क्षणी मी एकदा तो हात फिरवून घेते.

आमच्यातल्या एकाचा रिझर्व्ह त्या बारवर लटकलेला असताना बाहेर आलाच नाही. दोन्ही हातांनी ओढला, पाय रोवून ओढला, तरी नाही. रिझर्व्ह चांगला होता, हार्नेसही चांगला होता, पण हार्नेसचा कप्पा त्या रिझर्व्हच्या मानानं लहान होता आणि दोघांची जोडी कोणी कधी तपासलीच नव्हती. तो दोन वर्षं तसाच उडत होता. चार दिवसांत दुसरं काहीच शिकायला मिळालं नसतं, तरी त्याच्यापुरता कोर्स त्या अर्ध्या तासात वसूल झाला होता. नवा हार्नेस किंवा नवा रिझर्व्ह घेतला की जमिनीवर टांगून एकदा तरी तो बाहेर काढून पाहा, हे मी आता भेटेल त्या पायलटला सांगते.

दुपारी पहिलं उड्डाण, आणि त्यात फक्त पिच, म्हणजे विंगचं पुढे-मागे झुलणं. पायलट विंगच्या खाली सात-एक मीटरवर लोलकासारखा लटकलेला असतो. दोन्ही ब्रेक दिले की विंग मागे राहते, सोडले की पुढे झेपावते. हे तालात केलं की झोका वाढत जातो. मग सरांचा आवाज: "थांबव." विंग डोक्यावरून पुढे जात असताना ब्रेक, मागे जात असताना हात वर. वाचताना हा नियम एका ओळीत मावतो. हवेत त्याची वेळ साधायला मला सहा झोके लागले, कारण भीती वाटते ती विंग मागे गेल्यावर. पाठीवर पडतोय असं वाटतं, माणूस आधार धरायला हात खाली ओढतो, म्हणजे नेमका नको तेव्हा ब्रेक देतो. पुढे विंग झेपावते तेव्हा घाबरलेले हात वर जातात, आणि ब्रेकची गरज तर तेव्हाच असते. बाकीचे सगळे प्रकार शेवटी या झेपेपाशी येऊन थांबतात. कोलॅप्स असो, स्पिन (एक बाजू स्टॉल होऊन विंग गरगरणं) असो, स्टॉल असो, विंग उघडली की ती पुढे झेपावणार आणि तुम्हाला ती वेळेवर धरायची आहे. म्हणून सरांनी पूर्ण एक उड्डाण त्यावर घालवलं. आमच्यातल्या काहींना तो वेळ वाया गेल्यासारखा वाटला. मला तो सगळ्या कोर्सचा पाया वाटतो.

दुसऱ्या दिवशी असिमेट्रिक, म्हणजे एकाच बाजूचा, कोलॅप्स. ब्रेक हातात ठेवूनच उजवा ए रायझर, म्हणजे विंगच्या पुढच्या दोऱ्या जोडलेला पट्टा, वरच्या टोकाला धरायचा आणि झटक्यात खाली ओढायचा. तो हात वर नेताना माझे दात एकमेकांवर आपटत होते. झुडपांतली दुपार आठवत होती. रेडिओवर सर म्हणाले, "ओढ आणि लगेच सोड. त्यानंतर काहीही करू नकोस. हात खांद्याच्या वर. फक्त बघ."

ओढलं. खर्रकन आवाज झाला, उजवी बाजू मिटली, मी उजवीकडे कलले, क्षितिज तिरकं झालं, विंग उजवीकडे वळत पुढे झेपावली, आणि फट् करून उघडली. मी हात वर धरूनच बसले होते. वळण काटकोनापेक्षा कमी होतं. संपूर्ण प्रकार तीन सेकंदांत आटोपला.

रडू आलं, ते रेडिओवर कोणाला ऐकू गेलं नाही हे बरं. माझ्या विंगला हे येत होतं. पॅराग्लायडरच्या ईएन ९२६-२ या युरोपीय सुरक्षा चाचणीत हेही पाहतात: चाचणी पायलट विंग मिटवतो आणि हात न लावता थांबतो, विंग किती अंश वळली, किती पुढे झेपावली, आपोआप उघडली की काही करावं लागलं, अशा गोष्टींवरून तिचा ए (सगळ्यात सौम्य) ते डी असा वर्ग ठरतो. ही माहिती मला परीक्षेपुरती पाठ होती. माझी विंग बी वर्गातली. त्या दुपारी उतारावर मी डावा ब्रेक निम्मा जरी कमी ओढला असता, तरी ती बहुधा स्वतःच सावरली असती.

पुढच्या वेळी सावरायची कृती आली. क्रम असा की आधी दिशा, मग उघडणं. नजर जिकडे जायचं आहे तिकडे. वजन उघड्या बाजूवर. ते टाकायला बळ लागतं, कारण हार्नेस मिटलेल्या बाजूकडे ओढत असतो. वजनानं भागलं नाही तर उघड्या बाजूला बेताचा ब्रेक, विंग सरळ राहण्यापुरताच. आणि मग मिटलेली बाजू अजून उघडली नसेल तर तिकडचा ब्रेक एकदा लांब, खोल ओढून सोडायचा. मी पहिल्यांदा हँडपंप हापसावा तशी छोटे छोटे झटके देत बसले होते; त्यानं कापडात काही शिरत नाही.

रात्री सरांनी व्हिडिओ दाखवले, सावकाश, थांबवत. ते विंगबद्दल फारसं बोलले नाहीत. प्रत्येकाच्या हातांवर बोट ठेवत गेले. माझ्या व्हिडिओत कोलॅप्सच्या क्षणी उजवा हात छातीपासून मांडीपर्यंत खाली जाताना स्पष्ट दिसत होता. मी शपथेवर सांगितलं असतं की हात वर होते. "तू पडत होतीस," सर म्हणाले, "पडणारा माणूस काहीतरी धरतो. तुझ्या हातात ब्रेक आहे, म्हणून तू ब्रेक धरतेस. तो आधार नाही. तुझा आधार हार्नेसमध्ये आहे, पोटात आहे." तेव्हापासून मी पोट आवळून बसायला लागले. धड घट्ट राहिलं की हात मोकळे राहतात, हे करून पाहिल्यावर लगेच कळतं.

फ्रंटल कोलॅप्स त्या मानानं सोपा गेला. दोन्ही ए रायझर ओढले, विंगची पुढची कड सबंध दुमडली, मी क्षणभर खाली घसरले. हात वर, विंग उघडली, पुढे आली, धरली. इअर्स आणि बी-स्टॉल हे उंची कमी करायचे प्रकारही झाले. बी-स्टॉलमध्ये रायझर ओढायला अंगात ताकद हवी, माझ्या दंडांत दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणका होता.

स्पायरलबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण बरेच जण त्याला मजेचा भाग समजतात. एका बाजूला वजन, त्याच बाजूचा ब्रेक हळूहळू वाढवत न्यायचा, वळण आवळत जातं, आणि एका क्षणी विंगचं नाक जमिनीकडे वळतं. तिथून गोष्टी फार वेगानं होतात. व्हेरिओवर मी सेकंदाला १४ मीटर उतरण्याचा आकडा पाहिला. साधं सरळ उडताना हाच आकडा एक-सव्वा मीटर असतो. तीन-साडेतीन जी बसतो, म्हणजे स्वतःचं वजन तेवढ्या पट भासतं, तेव्हा गाल ओघळतात, डोकं फिरवता येत नाही, पाय वर उचलता येत नाहीत. नजरेच्या कडा करड्या व्हायला लागल्या तसे सर रेडिओवर ओरडले, "आकडे म्हण! मोठ्यानं!" मी एक, दोन, तीन ओरडत होते. मोजणं थांबलं तर पायलट भान हरपतोय, हे बोटीवर कळतं. शिवाय ओरडताना पोट आवळलं जातं आणि डोक्यातलं रक्त थोडं टिकतं.

बाहेर पडताना मी घाई केली. ब्रेक एकदम सोडला, आणि सगळा वेग विंगनं मला वर उचलण्यात खर्च केला. मी विंगच्या पातळीला जाते की काय असं वाटलं. ब्रेक थोडा थोडा सोडत, दोन-तीन वळणं घेत, वेग त्या वळणांतच जिरवायचा असतो. काही विंग खोल स्पायरलमध्ये गेल्या की हात वर केले तरी तशाच फिरत राहतात. तिथे वाट पाहत बसणं जिवावर बेततं. बाहेरच्या बाजूला वजन आणि बाहेरचा ब्रेक द्यावाच लागतो. ‘हात वर’ हे उत्तर सगळीकडे चालत नाही, हे मला इथे पहिल्यांदा कळलं.

तिसऱ्या दिवशी फुल स्टॉल होता. दोन्ही ब्रेक सीटखाली घेऊन कोपर ताठ करायचे. विंग उडणं थांबवते, मागे कोसळते, आणि तिच्यापाठोपाठ आपण पाठीवर पडतो. या क्षणी हात सोडायचे नाहीत, काही झालं तरी. विंग मागे असताना सोडली तर ती इतक्या जोरात पुढे झेपावते की पायलट तिच्या कापडात पडू शकतो. हात धरून ठेवले की विंग डोक्यावर येते, धडधडत, पंख फडफडवत. मग हात बरगड्यांपर्यंत वर आणले की ती अर्धवट भरते आणि मागे मागे तरंगत उतरत राहते. तिथे थोडं थांबायचं, दोन्ही बाजू सारख्या भरलेल्या दिसल्या की हात हळू वर न्यायचे, झेप घेईल ती धरायची.

पहिला स्टॉल जमला. सरांनी "छान" म्हटलं आणि दुसरा करायला सांगितलं. विंग मागे गेली, डोक्यावर आली, आणि हात वर आणताना उजवा हात डाव्याच्या आधी वर गेला. ब्रेक हाताला एवढा ओढतो की दमलेला हात आपसूक जातो. उजवी बाजू उडायला लागली, डावी अजून स्टॉलमध्येच. विंग डावीकडे फिरली, तिरकी होऊन खाली झेपावली, आणि उघडताना डावं टोक दोऱ्यांच्या मधून आत शिरून अडकलं. क्रॅव्हट. उंची सुमारे ४५० मीटर.

वजन उजवीकडे, उजवा ब्रेक. हातांनी घाबरून काही केलं नाही, जे केलं ते ठरवून केलं, हे मला अजूनही बरं वाटतं. फिरणं थोडं मंदावलं, पण थांबलं नाही. "स्टॅबिलो ओढ," सर म्हणाले. विंगच्या टोकाकडे जाणारी ती सगळ्यात बाहेरची दोरी, माझ्या विंगला नारिंगी रंगाची. ती शोधायला वेळ लागला नाही, कारण बाकीच्या ताणलेल्या होत्या आणि ती एकटी सैल पडली होती. एक हात ओढली, दुसरा हात ओढली, बोटाला ग्लोव्हमधून चटका बसला, टोक जागचं हललं नाही. तेवढ्यात लक्ष दोरीवर गेल्यानं माझं वजन पुन्हा डावीकडे घसरलं होतं. वळण आवळलं. तलाव, डोंगर, तलाव, डोंगर.

"रिझर्व्ह. आत्ता."

मांडी, पट्टा, हँडल. बाहेरच्या दिशेला ओढलं. हातात अचानक वजन आलं, आतली पिशवी, कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट. फिरण्याच्या उलट दिशेला, रिकाम्या आकाशात मी ती सगळा जीव लावून भिरकावली. मग काहीच होत नाही असा एक क्षण येतो, आणि मग खांद्यांना कोणीतरी धरून वर खेचावं तसा धक्का. फिरणं थांबलं. सगळं शांत झालं. वर पांढरं गोल छत आणि समोर माझी विंग, अजून अर्धी जिवंत, रिझर्व्हला बाजूला ओढत होती. दोघं एकमेकांपासून दूर ताणले गेले की उतरण्याचा वेग वाढतो. म्हणून मागचे रायझर धरून, दोऱ्या हातावर हात घेत, मी विंग ओढून कुशीत घेतली. कुशीत कापडाचा ढीग घेऊन मी पाण्याकडे उतरत होते.

ईएन १२४९१ या मानकानुसार रिझर्व्ह पूर्ण वजनाला सेकंदाला साडेपाच मीटरपेक्षा जास्त वेगानं उतरता कामा नये. जमिनीवर तो धक्का दोन्ही पाय जोडून, कुशीवर लोळून घ्यावा लागतो. पाण्यात तो फक्त थंडगार बसला. बकल आधी उघडायची नाहीत, असं बजावलेलं होतं, कारण पाण्यावरून उंचीचा अंदाज हमखास चुकतो. बुडून वर आले तेव्हा हार्नेसच्या पाठीतला फोम मला पालथं घालू पाहत होता. लाइफ जॅकेट नसतं तर तोंड पाण्यातच राहिलं असतं. आणि मग त्या दोऱ्या. ओल्या दोऱ्या पाण्यात वजन नसल्यासारख्या पसरतात आणि हाताला, मनगटाला, गळ्याला अलगद येऊन टेकतात. पाय मारले की त्या गुंडाळल्या जातात. मी पाय अजिबात न हलवता, एक एक बकल उघडत, हार्नेसमधून मागे सरकले. बोट इंजिन बंद करून शेवटचे काही मीटर वाहत आली. सरांनी मला आधी ओढून घेतलं, विंग नंतर, एका टोकानं, आतलं पाणी निथळू देत. पाणी भरलेली विंग मधून उचलली तर शिलाई उसवते.

ते बोटीत एवढंच म्हणाले, "वेळेवर टाकलास." उंची २५० मीटरच्या आसपास उरली होती. मी अंग चोरून बसले होते, थंडीनं आणि भीतीनंही. पण लाज वाटत नव्हती. रिझर्व्ह टाकणं म्हणजे हरणं, ही समजूत आमच्यात खोलवर रुजलेली आहे, आणि तिनं माणसं मारली आहेत. अजून एक प्रयत्न, अजून एक प्रयत्न करत लोक उंची संपवतात. विंग फिरत असेल, एक-दोन उपायांनी थांबत नसेल, तर तिच्याशी झुंजायचं नाही.

संध्याकाळभर विंग आणि रिझर्व्ह दोरीवर टांगून वाळत होते. रिझर्व्ह पूर्ण कोरडा झाल्याशिवाय घडी घालता येत नाही, म्हणून सरांनी मला दुसऱ्या दिवसापुरता जादा रिझर्व्ह दिला. माझ्या हार्नेसमधून तो टांगून काढून पाहिल्यावरच मी तो घेतला. पुढे घरी आल्यावर माझ्या रिझर्व्हची घडी मी जाणकाराच्या देखरेखीखाली स्वतःच्या हातानं घातली. आता त्या पिशवीत काय आहे, कुठली दोरी कुठे गुंडाळली आहे, हे मला डोळे मिटूनही माहीत आहे.

चौथ्या दिवशी सकाळी टेकऑफवर पाय थरथरत होते. सरांनी विचारलं, "स्टॉल करायचा की नाही ते तू ठरव." मी करायचा म्हटलं. वर गेल्यावर पहिल्यांदा नुसते दहा श्वास घेतले. मग स्टॉल. डोक्यावर धडधडणारी विंग, बरगड्यांशी आलेले हात. या वेळी मी विंगकडे पाहिलंच नाही तर दोन्ही मुठी एकमेकींच्या समोर आहेत का ते पाहिलं, आणि मग वर नजर टाकून दोन्ही टोकं सारखी भरलेली दिसेपर्यंत थांबले. सोडली. झेपावली. धरली. अजून एकदा केला. दोन्ही नीट.

एसआयव्हीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की रायझर ओढून केलेला कोलॅप्स खऱ्या खवळलेल्या हवेतल्या कोलॅप्ससारखा नसतो. खरं आहे. मुद्दाम केलेला कोलॅप्स स्वच्छ असतो, कधी येणार ते आधी माहीत असतं, आणि खाली डोंगर नसतो. पण माझी अडचण हवा ओळखण्याची तेवढीच हातांचीही होती, आणि हातांना सवय लागायला पुनरावृत्ती लागते. ती डोंगराजवळ मिळत नाही, मिळू नये. म्हणूनच इथे लिहिलेलं वाचून कोणी एकट्यानं, पाण्याऐवजी जमिनीच्या वर, रेडिओशिवाय हवेतलं यातलं काही करून पाहू नये. मी हे अगदी कळकळीनं सांगते आहे. वाचून हात शिकत नाहीत. माझेही शिकले नव्हते.

त्यानंतर पाच महिन्यांनी ते झालं. जमिनीपासून सुमारे ६०० मीटर वर, थर्मलच्या कडेवरून बाहेर पडताना. तीच रिकामी पायरी, तीच उजवी बाजू, या वेळी निम्म्याहून जास्त. पोट आवळलं गेलं. वजन डावीकडे गेलं होतं हे मला नंतर जाणवलं. हात कानांच्या पातळीला होते. मी मुद्दाम हातांकडे पाहून खात्री केली आणि त्या क्षणीही ते तिथेच होते. विंग थोडी वळली, झेपावली, दोन्ही ब्रेक बेतानं देऊन धरली. एक टोक दुमडलेलं राहिलं होतं, ते ब्रेकच्या एका लांब पंपनं फट् करून उघडलं. उंची ३० मीटर गेली असेल.

वारा वाढत होता आणि पुढच्या डोंगराच्या आडोशाला रोटर, म्हणजे घुसळणारी खवळलेली हवा, असणार होता, म्हणून मी वळून मोकळ्या मैदानावर उतरायला गेले. पहिल्या वेळीही तसाच वारा होता आणि तेव्हा मी तिथे उडतच राहिले होते. जमिनीवर आल्यावर ब्रेकचे हँडल चुंबकाला चिकटवले आणि काही वेळ नुसती बसून राहिले. तळहात कोरडे होते.

पुढच्या महिन्यात पुन्हा त्या तलावावर जायचं आहे. वेग वाढवायला पायांनी दाबतात तो स्पीड बार दाबलेला असताना होणारे कोलॅप्स माझे राहिले आहेत. त्यात विंग जास्त जोरात मिटते, आणि पहिली कृती हातांची नसून पायांची असते, बार लगेच सोडायची. पायांची सवय अजून व्हायची आहे.